हर्मायनीचे टक्के आणि कॉलिनचा हक्क



हॅरी पॉटरवर आंबेडकरी पोरांनी का बोलावं, असं आम्हाला काही ज्येष्ठ कार्यकर्ते विचारतात. पुस्तक लहान मुलांचं, तेही जादूटोण्याचं. आपण भानामती, अंगात येणं, नवस-सायास मागे टाकून आलेली माणसं. आपल्याला त्या छडीशी आणि झाडूशी काय करायचंय?

आमचं उत्तर साधं आहे. आमची पोरं ते बघतात आणि वाचतात. भोकरदन तालुक्यातलं आमचं राजूर बाहेरच्यांना गणपतीमुळं माहीत आहे. अंगारकीला इथले रस्ते माणसांनी फुलून जातात. पण याच राजूरच्या वस्तीतला पोरगा मोबाईलवर हिंदीत बोलणारा हॅरी पॉटर बघतो. भोपाळच्या मंजुल प्रकाशनाने काढलेलं मराठी पुस्तक हाती लागलं तर तेही वाचतो. आणि वाचून झालं की विचारतो, "दादा, ते मडब्लड म्हणजे आपणच ना?"

हा प्रश्न उडवून लावण्यासारखा नाही. पोराने बरोबर जागी बोट ठेवलंय. पण पुस्तक त्याला जे उत्तर देतं ते अर्धंच आहे, आणि उरलेलं अर्धं आपण दिलं नाही तर दुसरा कोणीतरी चुकीचं देईल. म्हणून हा लेख.

पुस्तकात काय आहे?

ज्यांनी वाचलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. जे. के. रोलिंग या इंग्रज लेखिकेची ही सात पुस्तकं १९९७ ते २००७ या काळात आली. अनाथ हॅरीला अकराव्या वाढदिवसाच्या सुमारास पत्र येतं, की तू जादूगार आहेस, हॉगवर्ट्स नावाच्या शाळेत तुझं नाव आहे. पुढे त्या शाळेतलं वाढणं, मैत्री, परीक्षा आणि व्होल्डेमॉर्ट नावाच्या क्रूर जादूगाराशी लढाई.

या जगात रक्ताची उतरंड आहे. ज्यांच्या घराण्यात पिढ्यानपिढ्या जादूगारच आहेत ते शुद्ध रक्ताचे. ज्यांच्या आईबापांना जादू येत नाही पण स्वतःला येते, त्यांना शुद्ध रक्ताचे लोक 'मडब्लड' म्हणून शिवी घालतात. मड म्हणजे चिखल. तुझं रक्त घाण आहे, एवढाच त्याचा अर्थ. शाळेच्या चार संस्थापकांपैकी स्लिदरिनचं म्हणणं होतं की असल्या पोरांना शाळेत घेऊच नये. जन्मावरून शाळेचं दार बंद करणारा हा माणूस आपल्याला ओळखीचा आहे. आपल्याकडे त्याच्या हातात स्मृती असते, एवढाच फरक.

पहिल्या भागाच्या मराठी पुस्तकाचं नाव 'हॅरी पॉटर आणि परीस'. परीस म्हणजे ज्याच्या स्पर्शाने लोखंडाचं सोनं होतं तो दगड. या देशात दगडाच्या स्पर्शाला एवढा मान होता आणि माणसाच्या स्पर्शाने तळं बाटत होतं. त्यामुळं मडब्लड हा शब्द आमच्या पोरांना समजावून सांगावा लागत नाही.

हर्मायनी नावाचा सापळा

हॅरीची मैत्रीण हर्मायनी ग्रेंजर मडब्लड आहे, आणि ती वर्गात पहिली येते. शुद्ध रक्ताचा ड्रेको मालफॉय तिला शिवी देतो, आणि वाचक म्हणतो, अरे, ती तुझ्यापेक्षा कितीतरी हुशार आहे! शुद्ध रक्ताच्या बढाईला पुस्तकाने दिलेलं हे मुख्य उत्तर आहे. आमच्या पोरांनाही तेच आवडतं. आपणही असंच पहिलं येऊन दाखवायचं, मग बघू कोण बोलतंय.

जिद्द चांगली आहे. पण या उत्तराच्या पोटात काय आहे ते बघा. हर्मायनी शाळेत शोभते कारण ती पहिली येते. म्हणजे ती पहिली आली नसती तर मालफॉयचं बरोबर होतं का? ज्या मडब्लडला बेचाळीस टक्के पडले त्याने शाळा सोडून घरी जायचं का? शुद्ध रक्ताच्या पोरांत तर ढ पोरांची रांग आहे. मालफॉयचे दोन साथीदार, क्रॅब आणि गॉयल, सातही पुस्तकांत एक धड उत्तर देत नाहीत. पण ते शाळेत का आहेत, असं त्यांना कोणी विचारत नाही. नापास होण्याचा अधिकारसुद्धा वारशाने मिळतो. आपल्याला मात्र रोज लायकी सिद्ध करावी लागते.

आणि लायकी सिद्ध केली तर सुटका होते का? १९३४ साली बाबासाहेब दौलताबादचा किल्ला बघायला गेले. तेव्हा त्यांच्याकडे कोलंबियाची पीएच.डी. होती, लंडनची डी.एस्सी. होती, बॅरिस्टरी होती. किल्ल्यावरच्या हौदाच्या पाण्याने त्यांनी आणि सोबत्यांनी हातपाय धुतले, तर पाणी बाटवलं म्हणून लोक अंगावर धावून आले. दौलताबाद आमच्या राजूरपासून काही लांब नाही. त्या हौदावर कोणी त्यांच्या पदव्या मोजल्या नाहीत.

हैदराबादचा रोहित वेमुला पीएच.डी. करत होता. मुंबईच्या नायर रुग्णालयात पायल तडवी या आदिवासी समाजातल्या डॉक्टर पदव्युत्तर शिक्षण घेत होत्या. २०१६ च्या जानेवारीत रोहित गेला, २०१९ च्या मे महिन्यात पायल गेल्या. दोघंही हुशारच होते. पायल यांच्या मृत्यूनंतर वरिष्ठ सहकारी डॉक्टरांवर छळाचे आणि अ‍ॅट्रॉसिटीचे गुन्हे दाखल झाले. टक्केवारी ही ढाल असती तर ही दोन्ही माणसं आज आपल्यात असती.

हर्मायनीचे आईबाप कोण?

आणखी एक गोष्ट पोरांच्या नजरेतून सुटते. हर्मायनीचे आईवडील दोघंही दातांचे डॉक्टर आहेत. घरात पुस्तकं आहेत, सुट्टीत परदेशी सहली आहेत. शाळा सुरू होण्याआधीच तिने अभ्यासाची पुस्तकं पाठ केलेली असतात. ती जादूगारांच्या जगात नवखी असली तरी शिक्षणाच्या जगात पहिल्या पिढीची नाही.

आता दुसऱ्या एका मडब्लडकडे बघा. त्याचं नाव कॉलिन क्रीवी. दुसऱ्या पुस्तकात तो पहिल्या वर्षाला येतो. त्याचा बाप घरोघर दूध घालतो. आपल्या हातून विचित्र गोष्टी घडतात त्याला जादू म्हणतात, हे पत्र येईपर्यंत त्या पोराला माहीतच नव्हतं. गळ्यात कॅमेरा अडकवून तो शाळाभर फिरतो, कारण त्याला बापाला फोटो पाठवायचे असतात. आमच्या पोरांना विचारा, पहिल्यांदा कॉलेजला गेल्यावर गेटसमोर उभं राहून आईबापाला फोटो कोणी पाठवला नाही?

कॉलिन हुशार आहे असं पुस्तक कुठंही सांगत नाही. तो हसण्यावारी नेला जातो. हॅरीलासुद्धा त्याचा वैताग येतो. स्लिदरिनचा महासर्प शाळेत सुटतो तेव्हा त्याच्या तडाख्याने तो दगडासारखा होऊन पडतो. आणि शेवटच्या लढाईत, वय बसत नसताना, चोरून परत येऊन लढतो आणि मरतो. त्याच्या मरणाला पुस्तकात जेमतेम चार-दोन ओळी मिळतात.

आम्ही म्हणतो, आमचा माणूस हा आहे. राजूरच्या वस्तीतून जालन्याला, औरंगाबादला शिकायला जाणारी बहुतेक पोरं कॉलिन आहेत. बाप जालन्याच्या स्टीलच्या कारखान्यात, नाहीतर दुसऱ्याच्या रानात कापूस वेचायला. घरात पहिलं कॉलेज बघणारं पोरगं हेच. त्याला पंचावन्न टक्के पडतात, आणि ते पंचावन्न टक्के कुठून कुठवर चालत आलेत हे मोजायचं यंत्र कोणत्याही परीक्षा मंडळाकडं नाही.

'तुम्ही जादू चोरली'

सातव्या पुस्तकात व्होल्डेमॉर्टचे लोक सरकार ताब्यात घेतात आणि मडब्लडांची नोंदणी करायला एक आयोग बसवतात. आयोगाचा दावा असा की जादू फक्त जादूगार आईबापांकडूनच मिळते. तुमचे आईबाप जादूगार नाहीत, मग तुमच्याकडं जादू आली कुठून? तुम्ही चोरली. कोणाची छडी हिसकावली ते सांगा. एका बाईला समोर बसवून हाच प्रश्न विचारला जातो. ती रडत सांगते की छडी मी अकराव्या वर्षी विकत घेतली. तिचं कोणी ऐकत नाही.

हा प्रसंग वाचताना आम्हाला प्रत्येक मेडिकल कॉलेजचं हॉस्टेल आठवतं. 'रँक किती? कॅटेगरी कोणती? म्हणजे आमची सीट खाल्ली.' शब्द वेगळे, आरोप तोच. गुणवत्ता आमच्या घरात जन्मते, तुमच्याकडं दिसली तर ती चोरीची.

आणि त्या आयोगाची अध्यक्ष अम्ब्रिज काय करते? लाच म्हणून मिळालेलं लॉकेट गळ्यात घालते आणि ते आमच्या जुन्या शुद्ध घराण्याचं आहे, असं खोटंच सांगते. खुद्द व्होल्डेमॉर्टचा बाप जादूगार नव्हता. शुद्धतेचे दाखले वाटणाऱ्यांच्या वंशावळी अशाच असतात. रोलिंगबाईंनी हे फार अचूक लिहिलंय, याचं श्रेय त्यांना दिलं पाहिजे.

पण चोरीच्या आरोपाला 'मी पहिली आले' हे उत्तर होत नाही. उत्तर एकच आहे. शाळा तुमच्या बापाची नाही, सार्वजनिक आहे. तिच्या दारात आमचं पोरगं उभं आहे ते हक्काने. त्याचे टक्के आत गेल्यावर बघू.

२८२

आता एक आकडा पाठ करून ठेवा. १९०७ साली एल्फिन्स्टन हायस्कूलमधून भीमराव रामजी आंबेडकर मॅट्रिकची परीक्षा पास झाले. गुण मिळाले ७५० पैकी २८२. म्हणजे अडतीस टक्क्यांच्याही आत.

साताऱ्याच्या शाळेत घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळं बसलेला, शिपाई नसेल तर पाण्यावाचून राहिलेला हा विद्यार्थी. त्याच्या अडतीस टक्क्यांचा लोकांनी सत्कार केला, कारण तो कुठून आला ते त्यांना माहीत होतं. पुढे सयाजीराव गायकवाडांनी शिष्यवृत्ती दिली आणि १९१३ मध्ये तो न्यूयॉर्कला गेला. दार उघडलं, मग विद्वत्ता दिसली. आधी विद्वत्ता दाखवा मग दार उघडतो, असं कोणी म्हटलं असतं तर या देशाच्या संविधानाचा मसुदा कोणी लिहिला असता?

अलीकडं सरकारने नेमकं हेच म्हणून बघितलं. परदेशी शिक्षणाच्या शिष्यवृत्तीला ७५ टक्के गुणांची अट घातली गेली. २०२४ मध्ये विद्यार्थी आणि संघटनांनी आवाज उठवला तेव्हा सरकारला पाऊल मागं घ्यावं लागलं. अडतीस टक्केवाल्या मॅट्रिक पास भीमरावांच्या जयंतीला हार घालणारी हीच मंडळी. वसतिगृहात जागा न मिळालेल्या आमच्या पोरांना राहण्या-खाण्याचे पैसे देणारी स्वाधार योजना तर बाबासाहेबांच्याच नावाने आहे. तिलाही गुणांची अट आहे. म्हणजे पोट भरायलासुद्धा मार्क लागतात.

हॉगवर्ट्स बघा. तिथं गरीब विद्यार्थ्यांच्या पुस्तकांसाठी आणि कपड्यांसाठी निधी आहे. अनाथाश्रमातल्या टॉम रिडलला, म्हणजे पुढच्या व्होल्डेमॉर्टला, तो निधी मिळतो. त्याला कोणी टक्केवारी विचारत नाही. गरज आहे ना, घे. कल्पनेतली इंग्रजी शाळा जे करते ते आमच्या सामाजिक न्याय खात्याला का जमू नये?

आणि पत्राचं म्हणाल तर ते आपल्यालाही आलेलं आहे. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला शिक्षणाचा हक्क देणारा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. खासगी शाळांतल्या २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांच्या मुलांसाठी त्यात आहेत. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने नियम बदलून, जवळ सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला यातून सूट दिली. जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो बदल रद्द केला. पोरांना आलेलं पत्र मधल्यामध्ये दडवून ठेवणारे डर्स्ली काका पुस्तकात एकच आहेत. आपल्याकडं त्यांचं अख्खं मंत्रालय आहे.

आपल्यातल्या हर्मायनींसाठी

आता थोडं आपल्या घरातलं बोलू.

हॉगवर्ट्समध्ये रात्रीचं जेवण ताटात आपोआप येतं. जादू वाटते. चौथ्या पुस्तकात कळतं की खाली स्वयंपाकघरात शंभराहून जास्त गुलाम राबतात. त्यांना घर-एल्फ म्हणतात. पगार नाही, सुट्टी नाही. जिथं राबणारे हात दिसत नाहीत तिथं जादू दिसते, हे आमच्या आयांना सांगायला नको.

हर्मायनीला हे बघून राग येतो. ती संघटना काढते, बिल्ले वाटते, पावत्या फाडते. पण एल्फांना ती सभासद करत नाही, त्यांना काय हवंय ते विचारत नाही. त्यांना कपडा मिळाला की ते मुक्त होतात, म्हणून ती टोप्या विणून लपवून ठेवते, न सांगता सगळ्यांना मुक्त करायला. एल्फ चिडतात आणि त्या खोल्या झाडायचंच सोडतात. ज्याला स्वातंत्र्य हवं होतं तो डॉबी मात्र स्वतः मुख्याध्यापकाकडं जाऊन पगार मागतो, सुट्टी मागतो.

१९३२ साली हरिजन सेवक संघ निघाला. बाबासाहेबांचा आक्षेप हाच होता की ज्यांच्यासाठी संघ आहे त्यांच्या हाती कारभार नाही. हर्मायनीची संघटना वाचताना तो संघ आठवला नाही तर आपण काही शिकलो नाही.

पण नुसतं गांधींकडं बोट दाखवून भागत नाही. १८ मार्च १९५६ ला आग्र्याच्या सभेत बाबासाहेबांनी शिकलेल्या लोकांबद्दलचं दुःख जाहीरपणे बोलून दाखवलं. आज आपल्यात साहेब झालेले आहेत, प्राध्यापक झालेले आहेत. त्यातले काही गावात आले की पोरांना सांगतात, 'मी शिकलो ना, तुम्ही का नाही? मेहनत करा.' एकेकाळी ज्याच्यावर चोरीचा आरोप झाला तोच आता दुसऱ्याला टक्के विचारतो. स्वतः दारातून आत आल्यावर दार ओढून घ्यायचं आणि बाहेरच्यांना टोप्या विणून पाठवायच्या, याला आंबेडकरी बाणा म्हणत नाहीत.

मग गुणवत्ता नको का?

हा प्रश्न येणारच. तुम्ही सामान्यपणाचं समर्थन करताय का? मुळीच नाही. आमच्या पोरांनी पहिलं यावं, सगळीकडं यावं. पण गुणवत्ता हे शिक्षणाचं फळ आहे. ते फळ रोप लावायच्या आधी मागणारा माणूस शेतकरी नसतो. त्याला रान बळकवायचं असतं.

याचा पुरावा आपल्या मराठवाड्यातच उभा आहे. १९५० साली बाबासाहेबांनी औरंगाबादला कॉलेज काढलं, त्याला मिलिंद हे नाव दिलं, परिसराचं नाव नागसेनवन. प्रश्न विचारणारा राजा मिलिंद आणि उत्तर देणारा भिक्खू नागसेन. टोपी डोक्यावर ठेवून पोरांची चार घरांत वाटणी करणारी ही शाळा नव्हती. निजामाच्या राज्यातून नुकतीच बाहेर पडलेली, खेड्यापाड्यातली, पहिल्या पिढीची पोरं तिथं आली. त्यांची तयारी कच्ची होती. तिथंच प्राचार्य म. भि. चिटणीसांचं 'युगयात्रा' नाटक झालं. तिथंच गंगाधर पानतावणे शिकवू लागले, आणि 'अस्मितादर्श' उभं राहिलं. दलित साहित्याची एक अख्खी पिढी या आवारातून निघाली. आम्हाला जादूची शाळा विचाराल तर ती ही.

आणि या विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव मिळावं म्हणून मराठवाड्याने काय भोगलं? जुलै १९७८ मध्ये विधिमंडळाने ठराव केला आणि वस्त्या पेटल्या. पोचीराम कांबळे मारले गेले. १४ जानेवारी १९९४ ला नाव लागलं. मधली सोळा वर्षं लढले ते बहुतेक कॉलिन होते. कित्येकांनी विद्यापीठाची पायरीही चढलेली नव्हती. आपल्या पोरांनी चढावी म्हणून ते लढले.

तर करायचं काय?

पुस्तक जरूर वाचा. पाचव्या भागातला एक धडा तर गिरवण्यासारखा आहे. सरकारने नेमलेली अम्ब्रिज शिकवायचं ते शिकवत नाही, तेव्हा पोरं स्वतःच गुप्त अभ्यासवर्ग काढतात. त्याची कल्पना हर्मायनीचीच असते, आणि त्या वर्गात कॉलिनही असतो. तिथं कोणी त्याचे मार्क विचारत नाही. हर्मायनीची आम्हाला जी गरज आहे ती अशी. पहिली येणारी पोरगी मागच्या बाकावरच्या पोराला घेऊन बसते, तेव्हा चळवळ होते.

म्हणून राजूर, भोकरदन, जालना इथल्या पोरांना आमचं सांगणं आहे. वस्तीत दहावी-बारावी झालेल्या प्रत्येक पोराची यादी करा, फक्त पहिल्या तिघांची नको. सत्कार ठेवाल तर पास झालेल्या सगळ्यांचा ठेवा, आणि नापास झालेल्याच्या घरी जाऊन पुरवणी परीक्षेचा फॉर्म भरून घ्या. वसतिगृहाचे, स्वाधारचे, शिष्यवृत्तीचे अर्ज एकत्र बसून भरा. गरिबाच्या भाकरीला लावलेली गुणांची अट रद्द करा, ही मागणी ग्रामसभेपासून समाजकल्याण कार्यालयापर्यंत लेखी द्या आणि पोच घ्या.

आणि कोणी विचारलं, 'तुला किती पडले?' तर मान खाली घालू नका. २८२ हा आकडा सांगा. ७५० पैकी.

जय भीम!